डाव्या अंगाला

"ओढलं की सांग," नेल्डन म्हणाला. "फार आवळायला नको."

पार्किंगमधल्या बर्फावर एक गुडघा टेकून तो ट्रेवाच्या बुटांना लोखंडी दात्यांचे रबरी पट्टे चढवत होता. सकाळचे नऊ वाजून गेले होते, तरी ऊन अजून लाल कड्यांच्या माथ्यावरच होते. खाली घळीत निळसर सावली होती आणि नदीच्या दोन्ही काठांना बर्फाची पापडी धरली होती.

"सदुसष्टाव्या वर्षी बायकोच्या पायाशी बसलायस," ट्रेवा म्हणाली. "कुणी बघितलं म्हणजे?"

"जानेवारीत इथं बघायला कोण येतंय? कावळे."

"कावळेच जास्त बोलतात."

तो हसला. हसला की त्याच्या वरच्या ओठाची डावी बाजू तेवढी वर जायची. ट्रेवाला ते फार आवडायचे, पण तसे तिने त्याला कधी सांगितले नव्हते.

त्यांच्या लग्नाला चौदा महिने झाले होते. ट्रेवाचे हे पहिलेच लग्न, एकोणसाठाव्या वर्षी झालेले. या घळीपासून साठ मैलांवर तिचा जन्म गेला, पण ती इथे कधी आली नव्हती. प्राइस गावच्या शुश्रूषागृहात, धुलाईखान्यात, एकतीस वर्षे तिने चादरी धुतल्या. सणासुदीला बाकीच्यांना घरी जायचे असे, मुलेबाळे असत. ट्रेवाला कोण होते? मग कामाची पाळी तिचीच लागे.

नेल्डनला तिने तिथेच पहिल्यांदा पाहिले. त्याची बायको आर्डिथ अर्धांगाने तिथे पाच वर्षे पडून होती. विहिरींच्या पंपांची कामे उरकून तो रोज संध्याकाळी साडेपाचला यायचा, हातांचे ग्रीस साबणाने तीनतीनदा घासून काढायचा आणि मग मलम आधी स्वतःच्या तळव्यांत गरम करून आर्डिथच्या पायांना लावायचा. एकदा तो लोकरीचे मोजे घेऊन तरातरा धुलाईखान्यात आला. "हे बघा काय केलंत. बाहुलीला होतील आता. तिनं स्वतः विणले होते." ट्रेवाने माफी मागितली. त्या दिवसापासून आर्डिथचे लोकरीचे कपडे ती वेगळे काढून कोमट पाण्यात हाताने धुवू लागली. घडी ठेवायला खोलीत जायची आणि दारातून तिला दिसायचे: तो चमचा भरवतोय, हनुवटी पुसतोय, पंपांच्या गमती सांगतोय. असे प्रेम ट्रेवाने कुठे पाहिले नव्हते. तिचा जीव जडला तो या माणसाच्या त्या प्रेमावरच. पुढे आर्डिथ गेली, वर्ष उलटले आणि एक दिवस तो पुन्हा धुलाईखान्याच्या दारात उभा राहिला. हातात टोपी. "एकट्यानं जेवण जात नाही," एवढेच म्हणाला.

फेरन गावच्या बिशपच्या दिवाणखान्यात त्यांचे लग्न लागले. त्यांच्या चर्चमध्ये मंदिरात लागलेले लग्न मरणानंतरही तुटत नाही. दिवाणखान्यातले लग्न हयातीपुरते. आर्डिथशी नेल्डनचे लग्न चाळीस वर्षांपूर्वी मांटीच्या मंदिरात लागले होते. दुसऱ्या बायकोलाही पुरुष मंदिरात नेऊ शकतो, पण तसे त्याने विचारायला हवे. नेल्डनने विचारले नव्हते.

आणि गेल्या रविवारी ताटे विसळता विसळता तो म्हणाला होता, "मला एक विचारायचंय तुला. इथं नको. आपण घळीत जाऊ तेव्हा."

ट्रेवाने बहिणीला फोन केला. झेल्फा तर किंचाळलीच. "मांटी! दुसरं काय असणार? मंदिरात पांढरंच घालायचं असतं, कापड आणून ठेव, बये. तुझ्या मापाचं दुकानात मिळायचं नाही!"

"गप गं," ट्रेवा म्हणाली होती. पण तो आठवडाभर इस्त्री करताना तिचा हात मध्येच थांबत होता.

वाट नदीच्या कडेकडेने जात होती. नेल्डन पुढे, ट्रेवा त्याच्या पावलांत पाऊल ठेवत मागे. कड्यांच्या खोबणींतून पाणी ठिबकून गोठले होते. जागोजागी माणसाएवढी बर्फाची झुंबरे लटकत होती. नेल्डनला प्रत्येक वळण पाठ होते.

"इथं आम्हाला मेंढे दिसले होते. अकरा. या दगडावर आम्ही बसायचो. एकदा इथं आमचा स्टोव्ह पेटेना, मग आम्ही बीन्स गारच खाल्ले."

सव्वीस हिवाळे. उन्हाळ्यात गर्दी असते म्हणून नेल्डन आणि आर्डिथ थंडीतच यायची. ट्रेवा प्रत्येक दगडाला "अस्सं" म्हणत होती. त्या "आम्ही"मध्ये ती नव्हती, आणि हे तिला ठाऊक होते. तिला त्याचे वाईट वाटत नव्हते. निदान तिने तसे ठरवले होते.

वाट जिथे फुटते तिथे खांबावर पत्र्याची पेटी होती, आत वही. थंडीत पुढे जाणाऱ्याने नाव लिहून जायचे, म्हणजे परतला नाही तर शोध घेता येतो. नेल्डनने दाताने हातमोजा ओढून काढला, पेन्सिलीने भराभरा लिहिले आणि "तारीख तेवढी टाक, माझी बोटं गेली," म्हणत तिच्या हातात पेन्सिल देऊन तो पुढे झाला.

ट्रेवा वाकली. वहीत लिहिले होते: नेल्डन आणि आर्डिथ ऑलरेड, फेरन.

तिने वर पाहिले. तो पाठमोरा, पूल किती निसरडा झालाय ते काठीने चाचपत होता. पेन्सिलीच्या टोकाला रबर होते. तिने ते कागदावर टेकवलेसुद्धा. मग पेन्सिल उलटी करून तारीख लिहिली आणि पेटी बंद केली.

दुपारी उन्हाचा एक तुकडा खाली उतरला होता, तिथे ती दोघे बसली. थर्मासमधले बटाट्याचे सूप नेल्डनने आधी तिला दिले. मग बराच वेळ तो बूट एकमेकांवर आपटत बर्फ झाडत राहिला.

"ते विचारायचं होतं ना," तो म्हणाला.

"हं."

"मी गेलो की माझ्या मुली येतील. एक आयडाहोहून, एक ॲरिझोनाहून. घाईत असतील. थडग्याच्या दगडावर माझं नाव आधीच कोरलेलंय, आर्डिथच्या उजव्या बाजूला. कोरणाऱ्यानं चुकवलं ते. मला डाव्या अंगाला ठेवा. तिचा उजवा हात गेला होता, तू तर बघितलंयस. डाव्यानं ती मला धरायची. मुलींच्या लक्षात राहायचं नाही. तुझ्या राहील. तुझ्याशिवाय हे मी कुणाला सांगू शकत नाही, ट्रेवा. बघशील ना?"

समोर कड्यावरून बर्फाचा एक भुसभुशीत गोळा सुटला आणि भुगा होऊन खाली आला.

"बघेन," ट्रेवा म्हणाली.

त्याने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. गालांवरून पाणी ओघळले, ते त्याने पुसलेही नाही. वर्षभर हे ओझे त्याच्या मनावर असणार. ट्रेवाने स्वतःच्या रुमालाने त्याचे तोंड टिपले.

"आणि मी?" तिने विचारले. अगदी सहज विचारल्यासारखे.

"तू?"

"मला कुठं ठेवायचं?"

त्याने तिच्याकडे पाहिले. हा विचार त्याला कधी शिवलाच नव्हता, आणि हे त्याच्या चेहऱ्यावर इतके उघड दिसत होते की तिलाच त्याची दया आली.

"तुझे आईवडील हंटिंग्टनच्या दफनभूमीत आहेत ना? तिथं असेल की जागा."

"हो, आहे," ती म्हणाली. टटलांच्या, तिच्या माहेरच्या रांगेतली शेवटची जागा केव्हाच भावाने घेतली होती.

परतताना पुलापाशी नेल्डनचा पाय घसरला. मोडले काही नाही, पण घोटा चांगलाच सुजला. ट्रेवाच्या खांद्यावर भार टाकून तो चालू लागला. दर पन्नास पावलांना थांबावे लागे. पाच वाजले, उजेड ओसरला. तेवढ्यात समोरून टॉर्चचा झोत आला आणि एका बाईची हाक ऐकू आली.

"नेल्डन! आर्डिथ! आर्डिथ ऑलरेड!"

खांद्यावरचा नेल्डनचा हात दगडासारखा घट्ट झाला.

"इकडे!" ट्रेवाने ओरडून सांगितले. "आम्ही इकडे आहोत!"

चाळिशीची रेंजरबाई धापा टाकत आली. "गाडी अजून उभी दिसली म्हणून वही बघितली. तुम्ही आर्डिथ ना? तुम्हाला कुठं लागलं नाही ना?"

"नाही," ट्रेवा म्हणाली. "मी बरी आहे. यांचा घोटा बघा जरा."

रेंजरने घोटा बांधला, दुसऱ्या बाजूने आधार दिला. गाडीपाशी तिघे पोचेपर्यंत चांदण्या आल्या होत्या. ट्रेवा चालवायला बसली. वळणाचा रस्ता संपून हमरस्ता लागला तेव्हा कुठे त्याच्या तोंडून शब्द निघाला.

"तू बघितलं होतंस. सकाळीच."

"हो."

"मग खोडलं का नाहीस?"

"सव्वीस वर्षं तेच लिहीत होतास. बोटांना सवय असते."

"ट्रेवा, मी..." तो अडखळला. "वसंतात आपण मांटीला जाऊ. मंदिरात. तुला हवं असेल तर..."

तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ठेवले होते. ज्या वाक्याची आठवडाभर वाट पाहिली ते हे असे आले होते.

"आज नको विचारूस, नेल्डन," ती म्हणाली. "आज विचारलंस तर मी हो म्हणेन. आणि मग जन्मभर वाटत राहील, की तुला लाज वाटली म्हणून विचारलंस."

"बरं," तो हळूच म्हणाला.

नेल्डन शब्द पाळणारा माणूस होता. तिने नको म्हटले होते, त्याने पुन्हा विचारले नाही. फेब्रुवारी गेला. झेल्फाने दोनदा फोनवर खोदून पाहिले, नंतर तीही विचारेनाशी झाली.

मार्चमध्ये एका सकाळी ट्रेवाने हंटिंग्टनच्या दफनभूमीच्या कार्यालयात फोन लावला.

"टटलांच्या रांगेत आता जागा नाही हो," पलीकडची बाई कागद चाळत म्हणाली. "वर कुंपणाकडे आहेत. जोडीची हवी का?"

"एक."

"एकच? बरं. तिथं वारा असतो थोडा. पण ऊन छान येतं."

"चालेल."

खिडकीबाहेर नेल्डन ट्रेवाच्या गाडीचे जुने वायपर काढून नवे बसवत होता. ती मंगळवारी बोलता बोलता म्हणाली होती, पाणी नीट पुसत नाहीत. आज तो आपणहून जाऊन घेऊन आला होता. पाते बसवून झाल्यावर त्याने काचेवर थोडे पाणी ओतले, पुसले जाते का ते पाहिले, आणि समाधान झाले नाही म्हणून पुन्हा सगळे सोडवले.

"नाव काय घालू?" बाईने विचारले. "टटलच ना?"

"नाही," ट्रेवा म्हणाली. "ऑलरेड. ट्रेवा ऑलरेड. त्यात एल दोनदा येतो."