दुसरी वेलांटी

"या डब्याला हात कोणी लावला?" मी विचारलं.

स्वयंपाकघरात तिघंजण होती आणि एकानेही मान वर केली नाही. काकू कांदा चिरत होती. आत्या वाटाणे सोलत होती. काका खिडकीपाशी मिक्सर उघडून बसला होता. फ्रिज, पंखे, मिक्सर दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेलाय, सुट्टीतही त्याचे हात स्वस्थ बसत नाहीत.

"मिठाच्या डब्याला सगळेच हात लावतात," काकू म्हणाली. "काय झालं?"

"नाव बदललंय त्याच्यावरचं."

"मीठच लिहिलंय ना? मग?"

तेच तर! मीठच लिहिलं होतं. दुसरी वेलांटी, दीर्घ, अगदी नियमाप्रमाणे. आणि त्या डब्यावर चाळीस वर्षं 'मिठ' होतं. पहिल्या वेलांटीचं, चुकीचं, आजीच्या हातचं.

आजी जाऊन चार महिने झाले होते. तेव्हा मी एक दिवस आले नि परत गेले, स्वयंपाकघरात पाऊलही टाकलं नव्हतं. दरवर्षी मोठ्या सुट्टीत आम्ही सगळे इथे तिच्याकडे जमतो. काका-काकू इथेच राहतात, आत्या आणि मी बाहेरून येतो. तिच्याशिवायची ही पहिलीच सुट्टी. "ज्याला जी आठवण हवी ती घेऊन जा," असं काकूने फोनवर सांगितलं होतं. आत्याने शाल मागितली. काकाने चष्मा ठेवून घेतला. मला 'मिठ' हवं होतं. येताना बसमध्ये तो डबा माझ्या ओट्यावर कुठे ठेवायचा, तेही मी ठरवून टाकलं होतं.

मी छापखान्यात प्रूफं तपासते. औषधाच्या खोक्यातले कागद, परीक्षांचे अर्ज, लग्नाच्या पत्रिका, जे काही छापायला जाईल ते आधी माझ्या टेबलावर येतं. अठ्ठावीस वर्षं लाल पेनाने दुसऱ्यांच्या चुका काढतेय. घरात मला 'लालपेन' म्हणतात, आणि ते लाडाने म्हणतात असल्या भ्रमात मी नाही. संशय हा माझा धंदाच आहे. प्रत्येक शब्द गुन्हेगार आहे असं धरून वाचायचं, निर्दोष निघाला तर सोडून द्यायचा. माणसांच्या बाबतीत ही सवय सुटत नाही, त्याला मी काय करू?

तर कुठेतरी पाणी मुरत होतं.

पहिला संशय काकूवर. नवं नाव पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहिलेलं होतं, आणि तशी पट्टी या घरात फक्त काकूच्या पिशवीत असते. ती दवाखान्यात मलमपट्टीचं काम करते. शिवाय सासू गेली, ओटा हाती आला. म्हातारीचं जुनं पुसून आपलं नवं लावायला चार महिने पुष्कळ झाले. असं सगळं माझ्या मनात आलं, खोटं कशाला बोलू?

दुसरा संशय आत्यावर. बत्तीस वर्षं शाळेत मुलांना शुद्धलेखन घातलेली बाई. चूक दिसली की तिचा हात शिवशिवतो. आणि ती माझ्या दोन दिवस आधी आली होती.

सरळ विचारलं तर कोण कबूल होणार? म्हणून मी एक युक्ती केली. तिघांपुढे कागद ठेवले.

"बाजारात जायचंय ना? काय संपलंय ते लिहून द्या. मीठ, पीठ, तिखट, साबण, सगळं."

"तीन याद्या कशाला?" काका म्हणाला. "चूल एकच आहे."

"लिही ना तू."

"बाजारहाट चाललाय की पोलीसचौकशी?"

पण लिहिलं बिचाऱ्याने. त्याचं अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ, तो सुटला. आत्याची यादी फळ्यावर लिहावी तशी गोल आणि शुद्ध, पण डब्यावरची अक्षरं चौकोनी होती. काकूने लिहिलं होतं, 'मिठ, पिठ, साबण.' झालं, म्हणजे काकूही सुटली? छे! मला वाटलं, ही मुद्दाम चुकली असणार. बाई दिसते त्यापेक्षा हुशार आहे.

शेवटी माझ्याच्याने राहवेना.

"काकू, पट्टी तुझी आहे. खरं सांग. तिचं नाव पुसून तुला काय मिळालं?"

सुरी थांबली. कांदा चिरून तिचे डोळे आधीच लाल झाले होते.

"मी पुसलं?" ती म्हणाली. "अकरा वर्षं त्यांच्या पायाची जखम मी धुतली. रोज. तू सुट्टीत यायचीस आणि चुका काढून जायचीस. मागच्या सुट्टीत काय केलंस, विसरलीस?"

काकाने पेचकस खाली ठेवला. आत्या शेंगांकडे बघत राहिली.

विसरले नव्हते. मागच्या सुट्टीत याच ओट्यापाशी सगळी जमलेली असताना मी हा डबा उचलला होता, पर्समधून लाल पेन काढलं होतं आणि त्या 'मि'भोवती सरळ गोल काढला होता. "सगळ्या गावाच्या चुका मी काढायच्या, आणि माझ्याच आजीच्या घरात 'मिठ'!" सगळे हसले. आजीही हसली. "मी दुसरी नापास बाई," ती म्हणाली, "मला दुसरी वेलांटी कुठून येणार?" त्यावर आम्ही पोट धरून हसलो. मग मी हात धूत होते तेव्हा ती हळूच जवळ आली. "ती दुसरी कुठल्या बाजूची असते गं?" "उजवीकडची," मी म्हटलं. मान वर करून तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आत्या उठली. भांडणात तिला नेहमी काहीतरी काम सुचतं. तिने फळीवरचा दुसरा डबा काढला आणि ती एकदम म्हणाली, "अगं बाई! हे काय? 'तीखट'?"

"काय?"

"'तीखट' लिहिलंय. आणि हे बघ, 'जीरे'. आणि हे..." तिला हसू आवरेना. "'बीस्कीट'! पहिलीतलं पोरही असं लिहिणार नाही. कोणी लिहिलंय हे?"

बोलता बोलता तिचं हसू थांबलं.

मी सगळे डबे खिडकीपाशी उजेडात नेले. मीठ, पीठ बरोबर होते. तीखट, जीरे, बीस्कीट साफ चुकलेले. पण सगळ्या वेलांट्या उजवीकडच्या होत्या, डावीकडची एकही नाही. आम्हा चौघांपैकी कोणीही 'तीखट' लिहिलं नसतं. ज्याला कोणीतरी घाईघाईत 'उजवीकडची' एवढंच सांगितलंय आणि तेवढंच ज्याने जिवापाड धरून ठेवलंय, असाच माणूस हे लिहिणार.

आणि मग मला अक्षर दिसलं. आजी आधी वरची रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहायची. "आधी दोरी बांधावी, मग कपडे वाळत घालावेत," म्हणायची. या पट्ट्यांवरही तशीच दोरी होती, थरथरत गेलेली. 'ठ' तिच्यापर्यंत पोचला नव्हता, खाली सुटून पडला होता. सकाळपासून डबा माझ्या हातात होता. मी फक्त वेलांटी पाहिली. अक्षर कोणाचं आहे ते पाहिलंच नाही. साप साप म्हणून भुई धोपटत बसले.

"तरीच," काकू हळू आवाजात म्हणाली. "डबे मी हाताच्या सवयीने काढते, वर काय लिहिलंय ते कोण वाचतं? पट्टी मागून घेतली होती त्यांनी माझ्याकडून. मला वाटलं, पायाला हवी असेल. आणि रोज एकच प्रश्न, सुट्टी लागायला किती दिवस राहिले? किती दिवस राहिले? मी म्हणायचे, येतील हो सगळी, एवढी कसली घाई?"

"जाड पेन माझं नेलं," काका म्हणाला. "मी विचारलं, काय लिहितेस? तर म्हणाली, लालपेन यायच्या आत एक काम उरकायचंय."

उरकलं होतं तिने. मीच वेळेवर आले नव्हते.

मला रडू फुटलं. असं, सगळ्यांसमोर, ओट्याला धरून. काकूने ओल्या हातानेच माझ्या पाठीवर थोपटलं.

"काकू, चुकलं माझं."

"असू दे. तुझी चूक बघायला मिळाली, हेही नसे थोडके."

आत्याने डोळे पुसले आणि सवयीने काकाचं पेन उचललं. "निदान 'तिखट' तरी नीट करते. आलंगेलं कोणी वाचेल."

"हात लावू नकोस," मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा. तिने पेन लगेच खाली ठेवलं.

दुपारी सगळे बाहेरच्या खोलीत जेवायला बसले. मी स्वयंपाकघरात एकटीच राहिले. मिठाच्या डब्यावरच्या पट्टीचं एक टोक नखाने उचललं. दवाखान्यातली पट्टी, सहज निघते. खाली जुना पिवळा कागद तसाच होता, आणि त्यावर लाल शाईची कड दिसली. माझाच गोल. अजून बोटभर ओढलं असतं तर आतलं 'मिठ' हाती लागलं असतं. त्यासाठीच मी आले होते.

मी टोक पुन्हा खाली बसवलं. अंगठ्याने दाबलं, आणि चिकटेपर्यंत दाबूनच धरलं.

"येताना मीठ आण गं!" बाहेरून काकूने हाक मारली.

"आणते," म्हटलं. आणि वाटीत न काढता तो डबाच घेऊन गेले, सगळ्यांना नाव दिसेल असा मधोमध ठेवला.