मारुतीरावांचा फोन

सोमवारपासून मच्छे गावचा दवाखाना कागद सोडून कॉम्प्युटरवर जायचा होता, म्हणून डॉक्टर प्रियांनी शनिवारी चाचणी ठेवली. कॉम्प्युटरवाल्या अभिनंदननं थोडे पेशंट चढवले. प्रत्येकापुढं मोबाईल नंबर लागायचा. केसपेपरवर घरातल्या कर्त्याचा असे, तोच त्यानं घातला.

दुपार कलल्यावर रचना गोळ्या न्यायला आली.

"आता ध्यानात ठेवाय नको, आक्का," अभिनंदन हौसेनं सांगू लागला. "गोळ्या संपत आल्या की मेसेज. आजाराचं नाव, गोळीचं नाव, सगळं मराठीत. आज सहाला पयला जातोय."

"कुणाच्या फोनवर?"

त्यानं नंबर वाचला. तो सासऱ्यांचा, मारुतीरावांचा होता. रचना बाकावर बसलीच.

माहेरच्यांनी फिट्सचं लपवून तिचं लग्न लावलं होतं. सासरी ती रक्तवाढीच्या म्हणून या गोळ्या घेई. मारुतीरावांना वाचता येत नसे. मेसेज आला की शेजारी असेल त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेत. आणि आत्ता ते पिरनवाडीच्या देवळात, भरल्या मंडपात, टाळ घेऊन कीर्तनाला उभे होते.

"पुसून टाका, म्याडम. पाया पडते. मला म्हायेरी घालवतील."

"पुस रे," प्रिया म्हणाल्या.

"पुसायला कोड लागतोय. त्यो बी त्याच नंबरवर जातोय. नि मेसेज इथनं न्हाय, कंपनीकडनं सुटतोय. त्यांचा फोन सकाळधरनं लागंना झालाय."

प्रियांनी कपाळ धरलं. "मशीन कुठलं घ्यायचं, बिल कसं काढायचं, सगळं ठरवलं मी. फोन कुणाच्या खिशात असतो, तेवढं विचारलं नाही."

"मामांनाच कुणाकडनं तरी कोड वाचून घ्याय सांगते," म्हणत रचनानं दवाखान्याच्या फोनवरून नंबर लावला. वाजून वाजून बंद झाला. "कीर्तन सोडून उठत न्हाईत ते. सख्खा भाऊ गेल्याचा निरोप आलता, तरी आरती झाल्यावरच उठले."

ती पुन्हा लावत राहिली. सहा वाजून गेले.

मग तिकडूनच फोन आला. मागं ना टाळ, ना मृदंग. गाड्यांचे हॉर्न तेवढे.

"कोन, दवाखाना काय? आमची सून हाय काय तितं?"

"मीच हाय, मामा."

"बाजूला हुबा मष्णू, त्यानं मेसेज वाचला. हळू वाच म्हटलं तर ऐकतोय व्हय त्यो? समद्यांनी ऐकलं."



"कीर्तन झालं?" तिनं कसंबसं विचारलं.

"चाललंय. मी भायेर आलोय. चपला बी घातल्या न्हाईत." ते जरा थांबले. "कवापास्नं येत्यात गं पोरी तुला फिट्स?"

रचनानं फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. मारुतीरावांनी फोन ठेवला नाही.