आधी डोळा, मग कोनमापक

ते १९६४ साल. गणिताच्या नव्या बाईंना नोकरीत कायम करायचं की नाही, हे तपासणीला आलेले साहेब त्या दिवशी ठरवणार होते. सकाळपासून बाईंना धास्ती होती. त्यांची रीतच वेगळी होती ना! कोनमापक लावण्याआधी मुलांनी कागदाचा कोपरा कोनावर धरून अंदाज सांगायचा.

साहेबांनी फळ्यावर एक लघुकोन काढला आणि नेमकं वर्गातल्या धांदरट भिंगरीला उठवलं. तिने घाईघाईने थेट कोनमापक लावला.

"एकशे तीस!"

पोरीने उलट्या बाजूचे आकडे वाचले होते. बाईंच्या हातातला खडू मोडला, पण मध्ये बोलायची मनाई होती.

"नक्की?" साहेबांनी विचारलं.

बाईंचा उतरलेला चेहरा पाहून भिंगरीने जीभ चावली आणि वहीचा कोपरा कोनावर धरला.

"अगं बाई! हा तर काटकोनापेक्षा लहान! पन्नास, साहेब."

"मग कोनमापक खोटं बोलला होय गं?"

"नाही हो, मीच उलटं वाचलं."

साहेब खो-खो हसले. बाई कायम झाल्या आणि त्याच शाळेतून निवृत्त झाल्या. साहेब पुढे शाळाशाळांतून मुलांना आधी अंदाज विचारू लागले. भिंगरीने शिवणकाम धरलं; तिची एकही कॉलर कधी वाकडी झाली नाही, धांदल मात्र तशीच राहिली.