अक्काचा नंबर

"एक्क्याऐंशीव्या वर्षी कुणी गाडी चालवतं का?" व्हॅनची चावी मुठीत घट्ट धरून माझ्या नवऱ्याने, हाकमुनने, आईला विचारलं.

सासूबाई कांदे चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला कुठे एक्क्याऐंशी झाली?"

हाकमुनने माझ्याकडे पाहिलं. गुडघे गेले होतेच, आता आईचं डोकंही चाललं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. सकाळीच विमावाल्यांचा फोन आला होता. ऐंशी ओलांडलेली बाई चालवणार असेल तर गाडीचा विमा उतरवणार नाही, असं त्यांनी गोड आवाजात सांगितलं होतं. त्याने भिंतीवरच्या खुंटीला अडकवलेल्या आईच्या पिशवीतून तिचं कार्ड काढलं आणि तिच्या पुढ्यात धरलं. परदेशी रहिवाशाचं कार्ड. नंबराची सुरुवात अडतीसने होते, म्हणजे जन्म अडतीस सालचा. बारा प्राण्यांच्या चक्रात ते वर्ष वाघाचं. सोलपासून दूर, समुद्रकाठच्या आमच्या कुनसान गावचा अख्खा बाजार त्यांना वाघीण म्हणतो, ते काही उगीच नाही.

"वाघ नाही रे मी," सुरी खाली ठेवत सासूबाई म्हणाल्या. "बैल आहे. मी सत्तरची आहे."

डोळ्यांत पाणी होतं, पण ते कांद्याचं असावं.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून त्यांचे सगळे कागद मीच भरते. आमच्याकडे प्रत्येकाला तेरा आकड्यांचा नंबर असतो. पहिले सहा जन्मतारखेचे. सातवा माझा दोन, त्यांचा सहा. त्या एका आकड्यावरून यंत्राला कळतं की बाई परकी. जन्म याच गावातला, सत्तर वर्षांत गावाबाहेर आठवडाभरसुद्धा राहिल्या नाहीत, पण वडील चीनमधल्या शांतुंगहून आलेले म्हणून नंबर परक्याचा. रेल्वेचं तिकीट काढायला बसावं तर संगणकाचा पडदा म्हणतो, असा नंबर अस्तित्वात नाही. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मी संतापले होते. सासूबाई शेजारी बसून लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "त्याला म्हणावं, अस्तित्वात नाही तर नाही. तू आपली खिडकीवर जाऊन काढून आण." हाकमुनने लग्नानंतर नागरिकत्व घेतलं. त्यांनी घेतलं नाही. बापाने चालत आणलेलं नाव मी कशाला टाकू, एवढंच म्हणायच्या.

पण अकरा वर्षांची ही भानगड मलाही ठाऊक नव्हती. ती त्या दिवशी कांद्याच्या ढिगाऱ्यासमोर बसून कळली.

त्यांचे वडील हातगाडीवर नूडल्स विकायचे. चिनी माणसं तेव्हा आपलीच सालं मोजत. त्यांचं प्रजासत्ताक झालं तिथून पहिलं, दुसरं, तिसरं. शाळेच्या दाखल्यावर तेच, लग्नपत्रिकेवर तेच. सरकारी खिडकीवर कारकुनाने थोरलीचं, म्हणजे सासूबाईंचं, जन्मसाल विचारलं आणि म्हातारा म्हणाला, अडतीस, म्हणजे नेहमीच्या हिशेबाने एकोणपन्नास. कारकुनाने आपल्या हिशेबाने अडतीस लिहिलं. म्हाताऱ्याचंही बरोबर आणि कारकुनाचंही बरोबर, मधल्या मध्ये पोरगी अकरा वर्षांनी म्हातारी झाली. पुढे जेव्हा जेव्हा नवं कार्ड आलं, जुन्यावरचंच त्यावर उतरलं. धाकटी चार भावंडं तैवानला निघून गेली, त्यांची सालं तिकडे सुधारली. थोरली आईबापांना सांभाळत मागे राहिली.

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?" हाकमुनने विचारलं.

"सांगणार होते," त्या म्हणाल्या. "तेवढ्यात पिलरे आली."

बे पिलरे म्हणजे आमच्या समोरची मासेवाली. नवरा बोटीवर होता. ती बाजारात नवी आली तेव्हा सार्वजनिक नळावरून तिचं आणि सासूबाईंचं कडाक्याचं भांडण झालं. आमच्याकडे बायकांचं भांडण एका ठिकाणी येऊन थांबतं: वय काय तुझं? ज्याचं वय जास्त त्याचा शब्द शेवटचा. तोंडी कुणी खरं सांगत नाही, म्हणून मग कार्डं निघतात. पिलरेने माशाच्या फळीवर आपलं कार्ड आपटलं. त्रेचाळीस. त्याआधी तिने सासूबाईंना त्यांच्या चिनी असण्यावरून एक शिवी दिली होती. चिनी माणसाला या गावात ती शिवी शाळेच्या पहिल्या दिवशीच ऐकायला मिळते. सासूबाईंनी आपलं कार्ड त्याच्या शेजारी ठेवलं. अडतीस. चुलीच्या धगीने रापलेला चेहरा बघून कुणालाच शंका आली नाही. पिलरेचा आवाज बसला. शिवी दिलेल्या तोंडाने ती म्हणाली, "अक्का, चुकलं माझं." आणि कमरेत वाकली.

"त्या दिवसापर्यंत मला कुणी वाकून बोललं नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. "मी गप्प बसले. फुकटचा मान होता. मग आयुष्यभर तो फेडत बसले."

तो कसा फेडला ते काही मी पाहिलं आहे, काही ऐकलं आहे. मोठेपणा म्हणजे आधी घास घ्यायचा आणि आधी झीज सोसायची, ही आमच्याकडची रीत. पिलरेच्या नवऱ्याची बोट परत आली नाही तेव्हा तिच्या सासरचं कुणी फिरकलं नाही. तीन दिवस दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचं सांत्वन स्वीकारलं ते या 'थोरल्या बहिणी'ने, जी खरं तर तिच्याहून सहा वर्षांनी धाकटी होती. पिलरेची मुलं आमच्या नूडल्सच्या दुकानाच्या माळ्यावर अभ्यास करून मोठी झाली आणि सोलला गेली. बाजारात कुणाचा नवरा मारकुटा निघाला, कुणाच्या सुनेने माहेर गाठलं, की निरोप अक्काकडे. कागदावर साठी झाली तेव्हा बायकांनी वर्गणी काढून जेवण घातलं. त्याचा फोटो आमच्या गल्ल्याच्या वर आहे: रेशमी कपड्यांत सासूबाई बसल्यात, समोर पिलरे गुडघे टेकून नमस्कार करतेय, आणि सासूबाईंचा चेहरा परीक्षेत कॉपी करताना पकडलेल्या मुलीसारखा झालाय. त्या वेळी त्या एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. बाजारातल्या बायका तर अजून विचारतात, अक्का, ऐंशीच्या झालात आणि सुरकुती नाही, लावता तरी काय? तिळाचं तेल, असं त्या सांगतात. दोन वर्षं अख्खा बाजार तिळाच्या तेलाने चकाकत होता.

मग आताच का खरं बोलायचं? तर पिलरेसाठीच. गेल्या वर्षापासून तिची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून तीनदा शेजारच्या इकसान शहरातल्या इस्पितळात रक्त शुद्ध करायला जावं लागतं. बसने दोनदा उतरून चढायचं, आणि परतताना तर ती भिंत धरून चालते. टॅक्सी तिला नको, अनोळखी माणसाच्या गाडीत ओकण्याची लाज वाटते. सासूबाईंच्या व्हॅनमध्ये ती बिनधास्त ओकते. चावी गेली तर हे सगळं जात होतं.

गावातल्या चिनी रहिवाशांच्या संघातून जन्माचा दाखला आणायला फार त्रास पडला नाही. तो घेऊन आम्ही दोघी सरकारी कचेरीत गेलो. खिडकीतला पोरगा हसरा होता. म्हणाला, "आजी, लोक वय कमी करायला दवाखान्यात जातात, तुम्ही इथे आलात." मग त्याने गंभीर होऊन समजावलं की जन्मतारीख बदलली की नंबरही बदलणार, बँक, फोन, दुकानाचा परवाना, सगळं पुन्हा जोडावं लागणार. सासूबाईंनी एकच विचारलं: सातवा आकडा बदलणार का? नाही म्हणाला, सहा राहील. "राहू दे," त्या म्हणाल्या. "तो बरोबर आहे." अर्ज मात्र त्यांनी त्या दिवशी दिला नाही. आधी एकीला सांगायचंय, मग येते, म्हणून उठल्या.

दुपारी दुकान रिकामं असतं तेव्हा त्यांनी पिलरेला बोलावलं. तिच्यासाठी मीठ न घालता वेगळे मांडू, पिठाच्या पारीत सारण भरलेले, वाफवले होते. डॉक्टरांनी तिचं मीठ तोडलंय. मी आत भांडी विसळत होते, पण नळ बंद ठेवला होता. सासूबाईंनी आडवळण घेतलं नाही. चार वाक्यांत सगळं सांगून टाकलं.

पिलरेने पुढ्यातली ताटली बाजूला सारली. मग तिने विचारलं, "म्हणजे तुमच्या साठीला मी गुडघे टेकले, ते एकोणपन्नास वर्षांच्या बाईपुढे?"

"हो."

"आणि माझ्या ताटापुढे बसून पहिला घास तुम्ही घेत आलात."

"हो."

"माझं माणूस गेलं तेव्हा मी तुमच्या मांडीवर डोकं ठेवून रडले होते. मला वाटलं, आपल्या डोक्यावर कुणीतरी थोरलं आहे."

पिलरे उठली आणि गेली. मांडू तसेच राहिले. सासूबाईंनी ते फेकले नाहीत, उभ्या उभ्या एकेक करून स्वतः खाल्ले. बिनमिठाचे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज दिला. नवं कार्ड येईपर्यंत हाकमुनने पिलरेला नेण्या-आणण्याची तयारी दाखवली, पण ती बसनेच गेली. संध्याकाळी बसथांब्यावर बसकण मारून बसलेली बाजाराने पाहिली. तिचं दार ठोठावायला सासूबाई दोनदा गेल्या, दोन्हीदा परत आल्या. मला पिलरेचा राग आला होता, खरं सांगते. बाजारात बातमी पसरली आणि कुजबुज सुरू झाली. काही बायका आता अक्का म्हणताना अडखळू लागल्या. सासूबाईंनी दुकान रोजच्या वेळी उघडलं आणि सगळ्यांना रोजच्यासारखं वाढलं. मान खाली घातली नाही आणि कुणाला काही समजावतही बसल्या नाहीत. इतकं ताठ मला जमलं नसतं.

कार्ड आलं, विमा झाला, हाकमुनने चावी खुंटीला परत लावली. सासूबाईंनी गाडी काढली आणि सरळ माशाच्या फळीसमोर नेऊन उभी केली. मी मागोमाग गेले.

पिलरे बर्फ फोडत होती. वर न बघता म्हणाली, "कार्ड काढा."

सासूबाईंनी नवं कार्ड ओल्या फळीवर ठेवलं. पिलरेने एप्रनला हात पुसले, चष्मा लावला आणि आपलं कार्ड त्याच्या शेजारी ठेवलं. आजूबाजूच्या फळ्यांवरच्या सुऱ्या थांबल्या. तिने दोन्ही नंबर बोट फिरवत वाचले, एकदा नव्हे, दोनदा. मग दोन्ही कार्डं उचलली, आपलं खिशात घातलं, सासूबाईंचं पुसून त्यांना दिलं आणि व्हॅनचं दार उघडून आत बसली. इकसानपर्यंत एक शब्द बोलली नाही, असं सासूबाईंनी नंतर सांगितलं. येताना मात्र नेहमीसारखी ओकली.

परतल्यावर दोघी दुकानात आल्या. मी पातळ सूप आणि बिनमिठाचे मांडू मांडले. सवयीने सासूबाईंचा हात चमच्याकडे गेला, आणि मध्येच थांबला. त्यांनी हात मागे घेऊन मांडीवर ठेवला. समोरच्या वाडग्यातून वाफ येत होती. पिलरेने घाई केली नाही. नीट सरकून बसली, पदर सारखा करावा तसा एप्रन सारखा केला, चमचा उचलला आणि एक घोट घेतला. मग काड्यांनी आपल्यापुढचा सगळ्यात मोठा मांडू उचलून तिने सासूबाईंच्या वाडग्यात ठेवला.

"खा गं," ती म्हणाली. "वाळलीस किती."

पाच भावंडांत थोरली, बाजारात थोरली, घरात थोरली. त्यांच्या वाडग्यात कुणी काही वाढलेलं मी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. माझ्याही हे कधी ध्यानात आलं नव्हतं. सासूबाईंनी दोन्ही हातांनी वाडगा उचलला, लहानांनी मोठ्यांसमोर उचलावा तसा, आणि तोंड जरा बाजूला वळवून तो मांडू खाल्ला.

पिलरेने दुसरा वाढला.