एकदाच म्हटलेलं ‘नको’

“दोन्ही गळपट्टे रोज वापरत जा, डिनी. एक वापरलास आणि दुसरा नुसता लोंबत ठेवलास, तर तो वाळून लाकूड होईल. मग माझ्या नावानं ओरडत येऊ नकोस.”

माझा जन्म झाला त्या दिवशीचे हे शब्द. बोलणारा होता कॉन, आमच्या टिपररी भागात घोड्यांची खोगिरं शिवणारा म्हातारा कारागीर. त्यानं माझा शेवटचा टाका घातला, दातानं दोरा तोडला आणि मला डिनी हॅकेटच्या हातात दिलं.

मित्रांनो, मी एक जुना जोडपट्टा आहे. माझी मूठ एक, पण पुढे मला दोन फाटे फुटतात आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला एक गळपट्टा आहे. शर्यतीचे दोन कुत्रे एका हातानं फिरवता यावेत म्हणून मला बनवलं. या कुत्र्यांना ग्रेहाउंड म्हणतात. त्यांची मान डोक्याइतकीच जाड असते, त्यामुळे साधा पट्टा एका हिसक्यात कानांवरून निघून जातो. म्हणून कॉननं माझे गळपट्टे मध्ये चांगली चार बोटं रुंद कापले आणि आतून मऊ कापड लावलं. माझ्यात गळ्याला काचणारी एकही कड नाही, हे मी अभिमानानं सांगू शकतो. अभिमानानं सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

डिनी हा शर्यतीचे कुत्रे तयार करणारा माणूस. गावामागे एक पाणंद चढून जाते, तिच्या टोकाला त्याचं अंगण आणि कुत्र्यांच्या खोल्या. लग्न केलं नव्हतं. बोलणं कमी. माझ्या गळपट्ट्यांत त्यानं एकाच वेतातली भावंडं बांधली. भाऊ टरलो उजवीकडे, बहीण फर्न डावीकडे. दोघांचा रंग पावसाळी ढगासारखा करडा. रोज सकाळी आम्ही रस्त्यानं लांबवर चालत जायचो. त्यांची पावलं एकत्र पडायची, मला कधी ताण म्हणून पडला नाही.

लोक कुंपणापाशी थांबून म्हणायचे, “काय जोडी आहे रे डिनी! लग्नाला निघाल्यासारखी चालतात.”

डिनी टोपी मागे सारून नुसता हसायचा. घरी आल्यावर मला तेल लावून खुंटीवर टांगायचा. ते माझे सुखाचे दिवस.

पुढे शर्यती सुरू झाल्या. टरलो जिंकू लागला. यंत्राचा ससा पुढे पळायचा आणि टरलो त्याच्यामागे तीर सुटावा तसा सुटायचा. फर्नही वेगानं कमी नव्हती. पण तिची एक खोड होती. वळणावर ती मान वळवून शेजारी बघायची. तिच्या शेजारी रोज जो असायचा, तो दिसतोय का ते बघायची. तेवढ्यात बाकीचे पाच कुत्रे पुढे निघून जायचे.

“डिनी, तुझी पोरगी ससा पकडायला येते की शेजाऱ्यांची तोंडं बघायला?” मैदानावरची माणसं हसायची.

डिनीही त्यांच्याबरोबर हसायचा. पण परत येताना तो फर्नकडे बघायचा नाही. हळूहळू तो तेल फक्त टरलोच्या गळपट्ट्याला लावू लागला. मित्रांनो, मी एकाच कातड्याचा आहे. माझा एक भाग चकचकीत आणि दुसरा पांढरट पडलेला, अशा अवस्थेत डिनी मला चारचौघांत घेऊन जायचा तेव्हा मला फार ओशाळं वाटायचं. त्यात फर्नचा काय दोष होता?

एका शर्यतीत फर्न वळणावर पडली आणि तिचा मागचा पाय दुखावला. ती लंगडू लागली. डिनीनं तिला अंगणातल्या मागच्या खोलीत ठेवलं. कोणी आलं की तो त्या खोलीचं दार लोटून घ्यायचा.

वर्षं गेली. टरलोचंही शर्यतीचं वय सरलं. पूर्वी अशा कुत्र्यांचं पुढे काय व्हायचं ते आमच्याकडे कोणी मोठ्यानं बोलत नसे. आता काही लोक त्यांना घरी नेऊन पाळू लागले होते. फादरांनी चर्चमध्ये बोलता बोलता टरलोची गोष्ट काढली, आणि दुसऱ्या दिवशी पेग हेफर्नन पाणंद चढून वर आली.

पेग गावाच्या टोकाला राहणारी विधवा. नवरा जिम गेल्यापासून तिचं एक व्रत होतं. रोज सकाळी त्याच्या नावानं मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला जायचं. ताप असो, बर्फ असो, ते कधी चुकलं नव्हतं. संध्याकाळी ती जपमाळ घेऊन बसायची. आमच्याकडे जपमाळेची अर्धी प्रार्थना एकानं म्हणायची असते आणि उरलेली अर्धी दुसऱ्यानं. पेगच्या घरात दुसरं कोणी नव्हतं. दोन्ही अर्ध्या तीच म्हणायची.

त्या दिवशी डिनीनं टरलोबरोबर फर्नलाही मागच्या खोलीतून बाहेर आणलं. दोघांना माझ्यात बांधून तो पेगसमोर उभा राहिला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, “हिलाही नेतेस का? दोघं जन्मापासून एकाच अंगणात आहेत.”

“छे रे, नको!” पेग म्हणाली. “दोन-दोन कशाला? एक दिलास तेच खूप झालं.”

मित्रांनो, इथे तुम्हाला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे कोणी काही देऊ केलं की आधी नको म्हणायचं असतं. चहा असो, केक असो, नाहीतर गाडीतून घरी सोडणं असो. पहिलं ‘नको’ हे वळण. दुसरं ‘नको’ही वळणच. तिसऱ्यांदा विचारलं की म्हणायचं, “बरं, तू एवढं म्हणतोस तर.” एकदम हो म्हणणारा माणूस हावरा समजला जातो.

पेगचं ‘नको’ तसलं होतं. मला ते पक्कं ठाऊक आहे. कारण ते म्हणताना तिची बोटं फर्नच्या गळपट्ट्याखाली शिरून तिची मान खाजवत होती.

पण डिनीनं पुन्हा विचारलं नाही. त्यानं खाली वाकून फर्नचं बक्कल सोडलं आणि तिला आत नेलं. पेग फाटकापाशी थोडी रेंगाळली. मग तिनं मला हातात घेतलं आणि आम्ही पाणंद उतरू लागलो. एका गळपट्ट्यात टरलो, दुसरा रिकामा.

मागे फर्न ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

पेगच्या घरी टरलोनं जिना पहिल्यांदा पाहिला आणि तो खालच्या पायरीवर पुढचे पाय ठेवून थरथरत उभा राहिला. आरशाला तो घाबरला, चहाच्या किटलीला घाबरला. संध्याकाळी पेग जपमाळ घेऊन बसली की तो येऊन तिच्या गुडघ्याला अंग टेकायचा. पेगला तेवढं पुरे होतं. टरलोला पुरेसं नव्हतं. रस्त्यानं चालताना तो आपल्या डाव्या बाजूला एका कुत्र्याएवढी जागा सोडून चालायचा. त्यामुळे तो नेहमी रस्त्याच्या मध्यावर.

शेजारची बर्ना क्विर्क फाटकावर रेलून म्हणायची, “अगं पेग, तुझा कुत्रा मंत्री झालाय का? मोटारींनी त्याला वाट द्यायची होय?” आणि माझ्या रिकाम्या गळपट्ट्याकडे बोट दाखवून, “तो दुसरा मात्र गुणी हो. भुंकत नाही, खात नाही. दिसतसुद्धा नाही!”

पेग लाल होऊन हसायची. माझा रिकामा गळपट्टा तिच्या गुडघ्यावर टकटक आपटत राहायचा. तो आवाज मला नको व्हायचा. वाटायचं, एखादा साधा, एक फाट्याचा पट्टा आणून मला आत कुठेतरी टाकून दे बाई. पण पेगनं ते केलं नाही. का नाही, हे तिनं कोणाला सांगितलं नाही. फक्त मारियेच्या तसबिरीपुढे एकदा पुटपुटली, “माते, दुसऱ्याच्या दारची कुत्री आपली असावी असं वाटणं, हा लोभच ना? मला त्याची क्षमा कर.” तिला वाटत होतं, डिनीला फर्न स्वतःकडेच हवी होती. त्यानं एकदा विचारलं ते वळण म्हणून, आणि आता आपण मागणं बरं दिसणार नाही.

आणि डिनी? आम्ही समोरून दिसलो की तो रस्ता ओलांडून पलीकडे जायचा.

मी दोघांच्याही हातांतला. दोघांचीही मनं मला ठाऊक. पण कातड्याला जीभ नसते. फर्न त्या मागच्या खोलीत होती आणि मी पेगच्या दारामागच्या खुंटीला.

काल सकाळी मिस्सा आटोपून बर्ना आणि पेग बरोबर बाहेर पडल्या. मी आणि टरलो चर्चच्या भिंतीपाशी वाट बघत होतो.

“ऐकलंस का?” बर्ना म्हणाली. “डिनी कुत्र्यांचं काम बंद करतोय. गुडघे गेले त्याचे. उरलेली कुत्री उद्या गाडीनं जाणार.”

“कुठे जाणार?”

“जिथून कोणाची खुशाली येत नाही, तिथे.”

“फर्नसुद्धा?”

“ती लंगडी? मग ती काय डिनीच्या सोफ्यावर बसणार आहे होय? अगं, अशी पांढरी का पडलीस?”

पेग तडक निघाली. ती घरी गेली, ताक घालून भाजलेला पाव फडक्यात गुंडाळला आणि टरलोला घेऊन पाणंद चढली.

डिनी दारातच होता. आम्हाला बघून त्याला रस्ता ओलांडता आला नाही.

“चहा घेतेस?” तो म्हणाला.

“नको रे. आत्ताच घेतला.”

“घे गं, किटली तापलीय.”

“नको, कशाला त्रास.”

“अर्धा कप.”

“बरं, तू एवढं म्हणतोस तर.”

दोघं चहा घेत बसली. डिनी पाव कापत राहिला, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. शेवटी पेगनं कप खाली ठेवला. “चहाला तीनदा विचारलंस, डिनी. फर्नला एकदाच विचारलंस.”

डिनीची सुरी थांबली. “तू नको म्हणालीस.”

“एकदा म्हणाले!”

“चहा चांगला असतो, म्हणून तीनदा विचारता येतं गं.” त्यानं सुरी खाली ठेवली. “हरलेली, लंगडी कुत्री. ती पुन्हा पुन्हा पुढे करायची म्हणजे... मला लाज वाटली, पेग. वाटलं, तू भिडेखातर नेशील आणि घरी जाऊन मला हसशील.”

“आणि मला वाटलं, ती तुला हवीय. म्हणून मी मागितली नाही.” पेगनं तोंडावर हात ठेवला. “अरे देवा, डिनी. एवढे दिवस आपण दोघं शहाण्यासारखी वागत बसलो, आणि ती पोर तिथे अंधारात.”

टरलो केव्हाच उठून मागच्या खोलीशी गेला होता. दाराच्या फटीला नाक लावून तो उभा होता. आतून कोणीतरी त्याच फटीशी श्वास घेत होतं. मी त्याच्या गळ्यात होतो. ती धडधड मला माझ्या टाक्याटाक्यांत लागत होती.

“उघड दार. मी तिला आत्ताच नेते,” पेग त्या दारापाशी येत म्हणाली.

“नको.” डिनी तिच्या मागोमाग आला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. “आज नको. तिची नखं वाढलीत. अंगाला वास येतोय. अशा अवतारात मी तिला तुझ्यासमोर आणणार नाही. माझी लाज काढू नकोस, पेग. आज तिला न्हाऊ घालतो. सकाळी ये.”

“गाडी कधी येणार?”

“सकाळीच. चर्चची घंटा होते त्या सुमाराला.” तो जमिनीकडे बघत होता. “तो माणूस दारात उभा राहिला की माझ्या तोंडून नाही निघत नाही. मला माहीत आहे मी कसा आहे ते. तू आधी आलीस तर आलीस. नाही तर मी स्वतःच्या हातानं तिला गाडीत चढवीन.” मग त्याच्या लक्षात आलं. “पण ती तुझी मिस्साची वेळ. जिमच्या नावाची. राहू दे गं, नको येऊस.”

पेगनं माझी मूठ धरली. “डिनी, मी येते. हे मी एकदाच सांगतेय. तूही एकदाच ऐक.”

मित्रांनो, पट्ट्यांच्या गोष्टीत शेवटी सांगतात की आम्हाला तेल लावा, उन्हात टाकू नका. ते मी सांगत नाही. माझं मागणं दुसरं आहे. एका वेतातल्या दोघांत एक मागे राहतो, त्याच्याकडे आधी बघा. कोणाला जीव लावायचा असेल तर वळण बाजूला ठेवून हो म्हणा. आणि काही द्यायचं असेल तर पुन्हा विचारा, पहिल्या ‘नको’वर दार लावून घेऊ नका. आपापली लाज सांभाळत बसलेल्या दोन चांगल्या माणसांच्या मध्ये एक मुका जीव अडकलेला असू शकतो. तो स्वतःहून काही मागत नाही.

आज सकाळी पेगनं मिस्साला जायचाच कोट घातला. टेबलावरच्या जिमच्या फोटोपाशी ती उभी राहिली. तिनं काचेवरून बोट फिरवलं. मग तिनं मला खुंटीवरून काढलं, टरलोच्या गळ्यात घातलं आणि दार ओढून घेतलं.

आम्ही चर्चपाशी पोहोचलो तेव्हा घंटा अजून व्हायची होती. माणसं आत जात होती. फाटकात बर्ना उभी होती.

“पेग! अगं, इकडे. पुढे कुठे चाललीस?”

पायऱ्यांवरची दोन-तीन डोकी वळली. ज्या बाईनं तापातही मिस्सा चुकवली नव्हती, ती सगळ्यांदेखत चर्चवरून पुढे चालली होती. पेगच्या कानांपर्यंत रक्त चढलं. माझ्या मुठीवर तिचा हात घामेजला. सगळं समजावून सांगायला तिला फार वेळ लागला नसता, आणि तेवढ्यानं तिची मान वर राहिली असती. पण तिनं तेवढाही वेळ घेतला नाही.

“आज जिमसाठी प्रार्थना तू म्हण, बर्ना,” ती हळूच म्हणाली आणि पाणंदीच्या चढाला लागली.