जास्वंदाच्या बुडाशी

उकंडरावांनी त्या सकाळी तिसऱ्यांदा जास्वंदाच्या बुडाशी माती लोटली, अंगठ्याने दाबून बसवली आणि पिंजऱ्यातल्या सरड्याकडे वैतागून पाहिलं.

"आता उकर बरं," ते म्हणाले.

सरडा जाळीवरून वर चढत होता. वर पोचला, लाकडी पट्टीवर तोंड घासलं आणि पुन्हा खाली उतरायला लागला. चार दिवस त्याचं हेच चाललं होतं. खाली आला की कुंडीत शिरायचं, पुढच्या पायांनी माती उडवायची, मुळं उघडी पाडायची. अंगावर पिवळे ठिपके उठले होते आणि समोर सोडलेल्या टोळाकडे तो ढुंकूनही बघत नव्हता. शुक्रवारी शाळा तपासायला इन्स्पेक्टर साहेब येणार होते. उकंडरावांचं पित्त खवळायला एवढं पुरेसं होतं.

उकंडराव मेहकरच्या एका हायस्कुलात विज्ञानाच्या खोलीचे शिपाई होते. बरण्या पुसायच्या, स्पिरिटचे दिवे भरायचे, पावसाळ्यात बेडूक धरून आणायचे, ही त्यांची कामं. चौदा वर्षं करूनही नोकरी हंगामी होती. मधल्या काळात राज्य नवं झालं, कागदांवरची नावं बदलली, सह्या करणारे साहेब बदलले, उकंडराव तेवढे हंगामीच राहिले. त्याची त्यांना सवय झाली होती. सवय व्हायला उशीर लागावा असा माणूस तो नव्हता.

सरडा त्यांनीच आणला होता, श्रावणात. कारभारी नावाच्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या कुंपणावर तो हिरवागार होऊन बसला होता. असलं रंग बदलणारं जनावर दिसणं वाईट, म्हणून कारभाऱ्याने दगड उचललेला. उकंडरावांनी त्याचा हात धरला आणि सरडा दुपट्ट्यात गुंडाळून शाळेत आणला. विज्ञान शिकवणारे भगवंतराव सर खूश झाले आणि फॉर्मालिनची बरणी काढायला निघाले. तेव्हा उकंडराव मध्ये पडले. जिता राहू द्या सर, मी पाह्यतो त्याचं, असं बोलून गेले. आजवर त्यांनी कितीतरी जीव बरण्यांत घातले होते, पण या प्राण्याचा एक डोळा त्यांच्याकडे आणि दुसरा सरांकडे फिरत होता, आणि ते त्यांना काही सोसलं नाही. सरांनी विचार केला. जिवंत झाडांसकट जिवंत सरडा तपासणीला दाखवता आला तर उत्तमच. नाहीतर बरणी होतीच.

सरडा जगवणं सोपं निघालं, झाडं जगवणं अवघड. हे जनावर वाटीतलं पाणी ओळखत नाही. पानावर थेंब दिसला तरच चाटतं. म्हणून उकंडराव दिवसातून पाच वेळा पानांवर पाणी शिंपडायचे आणि ते सगळं कुंडीत मुरायचं. पहिल्यांदा त्यांनी घरची तुळस आणून ठेवली. ती आठवड्यात काळी पडली. मग मोगरा कुजला. सर नुसतेच बरणीच्या कपाटाकडे बघायचे.

मार्ग काढला तो शालूबाईंनी, म्हणजे उकंडरावांच्या बायकोने. त्यांचं माहेर सोनाळ्याचं, घरी पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाल्याचे वाफे. नवऱ्याने आणलेली कुजकी मुळी हातात घेऊन त्यांनी नुसतं हुंगलं.

"झाडाले वाफसा लागते," त्या म्हणाल्या. "तुमी तं त्याले बुडवून राह्यले."

वाफसा म्हणजे माती ओली नाही आणि कोरडीही नाही. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, बोट लावलं तर फुटावा. शालूबाईंनी कुंडीच्या तळाशी खापराचे तुकडे घातले, त्यावर जाडी रेती घातली. बुडाशी पोत्याचा तुकडा बांधायला सांगितला, म्हणजे पानांवरून ओघळलेलं पाणी मातीत न जाता बाहेर पडेल. आणि जास्वंद-गुळवेलीच्या कुंड्यांच्या दोन जोड्या केल्या. एक जोडी आठवडाभर पिंजऱ्यात, दुसरी बाहेर उन्हात, मग अदलाबदल. महिन्याभरात जास्वंद अशी फुटली की हेडमास्तर मुद्दाम बघायला आले. गुळवेल जाळीच्या छतापर्यंत गेली. भगवंतराव सरांनी पाटीवर सुंदर अक्षरात 'नैसर्गिक अधिवास' असं लिहून पिंजऱ्याला अडकवलं. उकंडराव येता-जाता ती पाटी वाचायचे. शाळेत पहिल्यांदाच काहीतरी आपलं आहे असं त्यांना वाटत होतं.

आणि दसरा झाला न झाला तोच हे उकरणं सुरू झालं. पोत्याचा तुकडा सरड्याने पहिल्याच दिवशी ओढून बाजूला केला. जास्वंदाची पानं माना टाकू लागली.

आज मंगळवार होता. उकंडरावांनी शाळा सुटल्यावर पैनगंगेच्या पात्रातून गोटे वेचून आणले, चपटे, मुठीएवढे. दोन्ही कुंड्यांत ते एकाला एक भिडवून बसवले. बोट शिरणार नाही असे घट्ट.

बुधवारी दिवसभर सरडा त्या गोट्यांवर नखं घासत राहिला. तो आवाज बारीक होता, पण वर्ग रिकामा असला की ऐकू यायचा. उकंडराव बरण्या पुसत होते. दोनदा ते उठून पिंजऱ्यापाशी गेले आणि गोटे हलले नाहीत ना एवढं बघून परत आले. गुरुवारी सरडा शांत झाला. जास्वंदाच्या खालच्या फांदीवर बसून राहिला, डोळे अर्धे मिटलेले. जिरली एकदाची, असं उकंडरावांना वाटलं आणि हायसं वाटलं.

शुक्रवारी साहेब आले. फळा पाहिला, हजेरी पाहिली आणि पिंजऱ्यासमोर मात्र चांगली दहा मिनिटं उभे राहिले. आपल्या बंगल्यातली झाडंसुद्धा इतकी टवटवीत नाहीत, म्हणाले. पाणी कसं देता ते विचारलं. उकंडरावांनी वाफसा समजावून सांगितला आणि साहेबांनी तो खरंच ऐकून घेतला. सरडा झोपला आहे का, असंही त्यांनी विचारलं. सर म्हणाले, दुपारी तो असाच असतो. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं: जिवंत प्राण्याचा पिंजरा व त्यातील वनस्पतींची निगा अनुकरणीय. खाली उकंडरावांचं नाव. हेडमास्तरांनी त्यांना बोलावून सांगितलं की या शेऱ्यावर कायम करण्याचा कागद जाणार, आणि या वेळी तो परत यायचा नाही.

उकंडराव जेवायला घरी गेले ते जवळजवळ पळतच. ताटावर बसून सगळं सांगितलं. शालूबाई ऐकत होत्या, हसत होत्या. सरड्याने कसा जीव खाल्ला तेही उकंडरावांनी रंगवून सांगितलं. वर-खाली हिंडणं, खाणं टाकणं, उकरणं, मग गोटे.

शालूबाईंचा भाकरी मोडणारा हात थांबला.

"कितीक दिवस उकरत होता?"

"चार-पाच रोज."

"अन् पोट?"

"फुगलं होतं थोडं. टोळ खाऊन."

"खाणं तं टाकलं म्हंता ना." त्यांनी भाकरी खाली ठेवली. "अवं, कोंबडी नाई का जागा पाह्यत हिंडत, अंडं द्यायच्या आंधी? पह्यल्या बाळंतपणाले मले कुठं बसू अन् कुठं उठू झालतं. थे मादी असंल."

हातातला घास ताटात ठेवून उकंडराव उठले.

शाळेत पोचले तेव्हा तास चालू होता. भगवंतराव सर बोलता बोलता थांबले. उकंडरावांनी पिंजरा उघडला आणि गोटे काढायला सुरुवात केली. ते इतके घट्ट बसले होते की नखं मोडली. मग त्यांनी जास्वंद दोन्ही हातांनी धरली आणि मुळासकट उपटली. वर्गात कोणीतरी हसलं. कुंडीत हाताने खोल भोक केलं, माती मोकळी केली, मुठीत दाबून पाहिली. वाफसा होता. त्यांनी सरड्याच्या मादीला उचलून भोकाच्या तोंडाशी ठेवलं.

ती हलली नाही. एक डोळा फिरवून तिने मातीकडे पाहिलं, एक पाय पुढे टाकला आणि तो तसाच ठेवला.

उकंडराव घंटा होईपर्यंत तिथे बसले. शनिवारीही बसले. थोडी माती आणखी उकरून दिली, बोटाने पाण्याचे थेंब तिच्या ओठांवर सोडले. तिने ते चाटले नाहीत. शनिवारी चारच्या सुमाराला तिचा रंग गेला, सगळाच, आणि ती मातीसारखी फिकी पडली.

सोमवारी भगवंतराव सरांनी पोट उघडलं. अंडी सव्वीस होती, पांढरी, ओळीने लागलेली. सरांना मनापासून वाईट वाटलं होतं, पण नमुना दुर्मीळ होता हेही त्यांना दिसत होतं. त्यांनी मोठी बरणी मागितली. उकंडरावांनी ती आणली, पुसली, भरली, झाकणाला मेण लावलं. चौदा वर्षांचा सराव होता.

मग संग्रहाची वही आली. शाळेतला प्रत्येक नमुना तीत लिहिलेला होता आणि अक्षर चांगलं म्हणून ती उकंडरावच भरायचे. सर खिडकीशी हात धूत सांगत होते. नाव: सरडा, मादी, अंड्यांसह. कुठे मिळाला: कुंपणावर, मेहकर. शेवटचा रकाना मृत्यूच्या कारणाचा.

"नैसर्गिक लिहा," सर म्हणाले.

उकंडरावांनी टाक दौतीत बुडवला. बराच वेळ लिहीत राहिले तेव्हा सर हात पुसत जवळ आले आणि खांद्यावरून वाचू लागले. रकान्यात लिहिलं होतं: अंडी घालण्यास जागा दिली नाही. उकंडराव, शिपाई.

"अहो, तुमचा कागद जायचाय अजून," सर हळू आवाजात म्हणाले. "ही वही साहेब बघतात. खोडा ते."

"राहू द्या सर," उकंडराव म्हणाले. "झाडाच्या निगेखाली माह्यं नाव चाललं. इथं बी माह्यंच पाह्यजे."

त्यांनी शाई वाळेपर्यंत वही उघडी धरली, मग मिटून कपाटात ठेवली आणि बाहेर पटांगणात जाऊन कुंड्या रिकाम्या करू लागले.