डावखुऱ्याची कात्री

खालच्या ड्रॉवरने कुरकुर केली आणि रविवारच्या दुपारची शांतता मोडली. पलंगावर बाबा, म्हणजे माझे सासरे, कुशीवर वळले. त्यांच्या पोटाशी मुटकुळं करून झोपलेला माझा पाच वर्षांचा पिल्लू मात्र हलला नाही. मी श्वास रोखून उभी राहिले. हे दोघे झोपले की घर माझं. तेवढ्यात कपडे वाळत घालायचे, पेपर तपासायचे, आणि आज आठवीच्या वर्गासाठी एखादी जुनी वस्तू शोधायची.

धडा होता इतिहासाच्या साधनांचा. लिखित, मौखिक, भौतिक. मुलं पाठ करतात आणि परीक्षेत ओकून मोकळी होतात. म्हटलं, एकदा खरंखुरं साधन त्यांच्या हातात देऊ. ड्रॉवरच्या तळाशी गंजकी पक्कड होती, सुतळी होती, आणि त्याखाली ती शिंप्याची मोठी कात्री. लग्न होऊन आले तेव्हापासून ती तिथेच. कुणी वापरत नव्हतं, कुणी टाकतही नव्हतं. कापायला गेलं की कापड पात्यांमध्ये दुमडून बसायचं. बाबांना विचारायला हवं होतं, पण पिल्लूचा हात त्यांच्या गळ्याभोवती होता. त्यांना उठवायचं जिवावर आलं. मी कात्री पिशवीत टाकली.

"बाई, ही रिटायर झालीये!" सोमवारी वर्गातला भोंगा पहिल्या बाकावरून ओरडला. त्याने कागद धरून कात्री दाबली, कागदाचा नुसता चुरगळा झाला. "हिला दातच नाहीत."

"तुझे शाबूत ठेवायचे असतील तर खाली बस," मी म्हणाले. वर्ग खिदळला.

कात्री बाकांवरून फिरत खिडकीजवळच्या मुलीकडे आली. ती डाव्या हाताने लिहिते म्हणून तिला सगळे डावखुरीच म्हणतात. तिने कात्री डाव्या हातात धरली आणि कागद सर्रकन कापला. पट्टीने आखल्यासारखा सरळ. तिचं तिलाच नवल वाटलं.

"थांबा!" मला अगदी भरून आलं. असा तास वर्षातून एखादाच जमतो. "साधन बोललं बघा. काय म्हणालं?"

"मालक डावखुरा होता!"

"शाब्बास. आता आपण काय विचारतो?"

"कुठून आलं? कुणाकडे होतं? त्याआधी कुणाचं होतं?" वर्ग एका सुरात म्हणाला. मीच घोकून घेतलं होतं.

"मग बाई, तुमच्या घरी डावखुरं कोण?" भोंग्याने विचारलं.

"कुणीच नाही," मी हसत म्हणाले.

डावखुरी हसत नव्हती. कात्रीच्या एका कडीला चामडं शिवलेलं होतं, त्यावरून ती अंगठा फिरवत होती.

"आमच्या आजीने असंच शिवलं होतं," ती म्हणाली. "लाल दोऱ्याने. आजोबांच्या अंगठ्याला फोड यायचा म्हणून. आजोबा शिंपी होते."

चामड्यावरचा दोरा काळपट झाला होता, पण टाक्यांच्या आत लाल होता.

मग तिने सांगितलं. कविता म्हणतात तसं, एका दमात. दंगलीत माणसं दुकानात शिरली. आधी कापडाचे तागे पेटवले. आजोबा मशीन वाचवायला धावले तर त्यांना केसांना धरून ओढलं. कुणीतरी म्हणालं, हा कुठल्या हाताने शिवतो ते माहीत आहे मला. डावा हात टेबलावर ताणून धरला आणि कोळशाची पेटती इस्त्री त्यावर ठेवली. वरून दाबली. आजी दाराआड होती. ती म्हणते, आधी आवाज आला नाही, वास आला.

मग भोंगा उठला. "बाईंना चोर म्हणतेस काय गं?" असं म्हणून त्याने तिची वेणी धरली आणि तिचं तोंड बाकावर आपटलं. माझ्यावरच्या मायेने! तिच्या ओठातून भळकन रक्त आलं. तिने कात्री वर उचलली. मी मध्ये पडले नसते तर ती त्याच्या गळ्यातच बसली असती. माझा दंड ओरबाडून निघाला. भोंग्याला मी वर्गाबाहेर ढकललं. तो हमसून रडत होता.

डावखुरीच्या दातांना रक्त लागलं होतं. कात्री तिने सोडली नव्हती.

"बाई, आजोबांना एकदा दाखवू? ते हल्ली अंथरुणातच असतात."

"ने," मी म्हणाले.

संध्याकाळी पिल्लूला भरवताना बाबा दारात येऊन उभे राहिले. याच माणसाने माझ्या बाळंतपणात रात्र रात्र पाळणा हलवला होता. मी शाळेत जाते ती याच माणसाच्या जिवावर. पिल्लू बालवाडीतून आला की दुपारभर तो आणि आजोबा.

"सूनबाई, खालच्या ड्रॉवरमध्ये कात्री होती."

"मी शाळेत नेली होती. बाबा, कुणाची हो ती?"

ते म्हणाले, "त्या दिवशी सगळ्यांनीच काही ना काही उचललं."

"कुठून उचलली?"

"इस्त्री मी नव्हती ठेवली, पोरी. मी फक्त मनगट धरलं होतं."

इस्त्रीचं मी बोललेच नव्हते. माझ्या हातातला घास तसाच राहिला. पिल्लू आ करून बसला होता.

"आता ती आण परत," बाबा एकदम तारस्वरात ओरडले आणि त्यांनी पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकला. त्या घरात मी त्यांचा चढा आवाज पहिल्यांदाच ऐकत होते. "घरातलं बाहेर नेतेस? शिकवायला घरच मिळालं तुला?" पिल्लू भेदरून माझ्या कुशीत शिरला. मग तेच पुढे झाले, त्याला उचलून घेतलं, पाठीवर थोपटत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा तास चालू असताना डावखुरीचा बाप वर्गाच्या दारात आला. सुतार माणूस. खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात कात्री.

"बाई, माझ्या बापाने ओळखली," तो म्हणाला. आवाज अगदी मऊ होता. "रात्रभर उरावर धरून पडलाय. मला एवढंच सांगा, कुठून आली? जुन्या बाजारातून घेतली असेल तर तसं सांगा. मी घरी जाऊन तेच सांगतो. विषय संपला."

त्याने मला वाट काढून दिली होती. जुना बाजार, एवढेच दोन शब्द. माझ्या डोळ्यांपुढे पिल्लूच्या पाठीवर थोपटणारा हात आला. आणि समोर अख्खा वर्ग, सुजलेल्या ओठांची ती मुलगी, खाली मान घालून बसलेला भोंगा. कुठून आलं, कुणाकडे होतं, हे त्यांना शिकवणारी मीच.

"माझ्या सासऱ्यांनी आणली," मी म्हणाले. "तुमच्या दुकानातून. इस्त्री त्यांनी नव्हती ठेवली. मनगट धरलं होतं."

जणू त्यांची बाजूच मांडत होते मी.

"बरं," तो म्हणाला. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, कात्री तिच्या बाकावर ठेवली आणि निघाला. मला वाटलं, घरी चालला. खिडकीतून पाहिलं तर तो सायकलवरून आमच्या गल्लीकडे वळत होता.

मी धावले. चप्पल वाटेतच तुटली. लोक बघत होते. आमचं दार सताड उघडं होतं आणि सुतार पायरीवर बसला होता. शेजारी पडलेल्या हातोड्याच्या तोंडाला रक्त आणि काहीतरी चिकटलेलं.

"पोलिसांना बोलवा, बाई," तो म्हणाला. "मी बसलोय इथेच."

आत जेवणाच्या टेबलाच्या कडेवरून रक्त ठिबकत होतं. बाबा भिंतीला टेकून बसले होते. तोंड पांढरं, मांडीवर उजवा हात. बोटं कुठली आणि तळवा कुठला ते कळत नव्हतं. मी ओढणी सोडून गच्च गुंडाळली, ती लगेच भिजली. ते एकदाही ओरडले नाहीत. शेजारीण दारात किंचाळली आणि गाडी बोलवायला पळाली.

पिल्लू टेबलाखाली होता. त्याच्या केसांतही थेंब उडाले होते. मी त्याला बाहेर ओढलं, पदर नव्हता म्हणून माझ्या बाहीनेच त्याचं कपाळ पुसलं, मुके घेतले.

"काकांनी विचारलं, कुठल्या हाताने धरलंस?" तो हळूच सांगू लागला. "मग आजोबांनीच हा हात टेबलावर ठेवला. मला म्हणाले, डोळे मीट. मी नाही मिटले."

मी त्याला छातीशी धरलं. त्याने मान मागे घेतली आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"आई, त्या काकांना कुणी सांगितलं आजोबांचं?"